सिझेरियनच्या वेळी एक मात्रा की आठवडाभर औषध? प्रसूती आणि स्त्रीरोगातील प्रतिजैविकांचा निर्णय

पदव्युत्तर शिक्षण नुकतेच संपवून प्रसूतिगृहात काम सुरू केलेल्या एका डॉक्टरांनी असा प्रश्न विचारला आहे: सिझेरियनच्या आधी प्रतिजैविकाची एकच मात्रा पुरते असे आम्ही शिकलो, पण प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक बाळंतिणीला तीन दिवस शिरेतून इंजेक्शने आणि पुढे पाच दिवस गोळ्या दिल्या जाताना पाहतो. यांतले बरोबर कोणते, आणि प्रसूती व स्त्रीरोगात प्रतिजैविक द्यायचे की नाही हे एकंदरीत ठरवायचे कसे?

पहिल्या भागाचे उत्तर थेट देते. जंतुसंसर्गाची कोणतीही खूण नसलेल्या स्त्रीचे सिझेरियन असेल, तर त्वचेवर छेद घेण्यापूर्वीच्या ६० मिनिटांत शिरेतून दिलेली एक मात्रा पुरेशी आहे, आणि त्यानंतर दिवसेंदिवस चालू ठेवलेल्या औषधाने तिचे संरक्षण वाढत नाही. दुसऱ्या भागाचे उत्तर लांबते, कारण आपण एकाच औषधाकडून दोन वेगळी कामे करून घेतो आणि ही दोन्ही कामे एकमेकांत मिसळली की सगळा गोंधळ सुरू होतो.

पहिले काम प्रतिबंधाचे. इथे संसर्ग अजून झालेलाच नसतो. जंतू असतात ते त्वचेवर आणि योनिमार्गात, जिथे ते एरवीही राहतात. शस्त्रक्रियेच्या त्या अर्ध्या-पाऊण तासात त्यांना जखमेत शिरायची संधी मिळते. जंतू ऊतींत पोहोचतील त्या क्षणी औषध तिथे पुरेशा प्रमाणात आधीच हजर असणे, एवढीच प्रतिबंधाची अट आहे. जखम शिवून झाली, रक्ताची गुठळी धरली आणि तिच्या आत जंतू अडकले, की नंतर रक्तातून फिरणारे औषध तिथवर नीट पोहोचत नाही. म्हणून छेदाआधीच्या एका मात्रेची जागा नंतरच्या दहा मात्रा घेऊ शकत नाहीत. दुसरे काम उपचाराचे. तिथे संसर्ग झालेला असतो, कोणत्या अवयवात झाला आहे हे शोधायचे असते, शक्य तर जंतू ओळखायचा असतो आणि त्याप्रमाणे औषध, मात्रा आणि कालावधी ठरवायचा असतो. ‘संसर्ग झालाच तर असावे’ म्हणून दिलेले पाच दिवसांचे औषध यांपैकी कोणत्याच कामाचे नसते. प्रतिबंधाची वेळ तोवर टळून गेलेली असते आणि उपचार करावा असा आजार तर नसतोच.

सिझेरियनसाठी पसंतीचे औषध सेफाझोलिन आहे. साधारणपणे २ ग्रॅम द्यावे; वजन १२० किलो किंवा त्याहून अधिक असेल तर ३ ग्रॅम. शस्त्रक्रिया चार तासांहून लांबली किंवा रक्तस्राव १५०० मिलिलिटरच्या पुढे गेला, तर शस्त्रक्रियेदरम्यानच दुसरी मात्रा द्यावी लागते, कारण तोवर पहिली मात्रा मूत्रावाटे आणि वाहून गेलेल्या रक्ताबरोबर बरीचशी निघून गेलेली असते. पूर्वी नाळेला चिमटा लावेपर्यंत औषध थांबवून ठेवण्याची पद्धत होती. औषध बाळापर्यंत जाईल आणि बाळाला संसर्ग असल्यास तो झाकला जाईल, अशी भीती त्यामागे होती. अभ्यासांत तसे काही आढळले नाही. उलट छेदाआधी औषध दिलेल्या मातांमध्ये गर्भाशयाचा आणि जखमेचा संसर्ग आणखी कमी दिसला. प्रतिबंधक प्रतिजैविकामुळे सिझेरियननंतरच्या या दोन्ही संसर्गांचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटते, आणि हा फायदा ठरवून केलेल्या सिझेरियनलाही मिळतो.

कळा सुरू झाल्यानंतर किंवा पाणमोट फुटल्यानंतर सिझेरियन करावे लागले, तर योनिमार्गातले जंतू गर्भाशयात आधीच चढलेले असू शकतात. सेफाझोलिन जंतूंच्या पेशीभित्तीवर काम करते, पण त्यांतल्या युरियाप्लाझ्मासारख्या काहींना पेशीभित्तीच नसते, त्यामुळे सेफाझोलिनचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. अशा स्त्रियांना सेफाझोलिनच्या जोडीने ५०० मिलिग्रॅम अझिथ्रोमायसिन शिरेतून दिल्यास काय होते, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सी-सोप या मोठ्या चाचणीत तपासले गेले. गर्भाशयाचा, जखमेचा आणि अन्य संसर्ग मिळून प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.१ टक्क्यांवर आले. मात्र हा निष्कर्ष कळा सुरू झालेल्या किंवा पाणमोट फुटलेल्या स्त्रियांपुरता आहे. ठरवून, कळांशिवाय केलेल्या सिझेरियनला तो जसाच्या तसा लावू नये.

या सगळ्यात प्रत्यक्ष गडबड कुठे होते, ते सांगते. तातडीचे सिझेरियन असते, सगळ्यांचे लक्ष बाळाच्या ठोक्यांकडे असते, सेफाझोलिनची बाटली औषधांच्या ट्रेमध्ये तशीच राहते आणि ‘वॉर्डात गेल्यावर द्या’ असे म्हणून ती स्त्रीबरोबर बाहेर जाते. त्यानंतर ती भरपाई पाच दिवस चालते. यावर माझ्या पाहण्यात सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट साधी आहे. औषध देण्याची जबाबदारी भूलतज्ज्ञांकडे ठेवावी, आणि छेद घेणाऱ्याने सुरी हातात घेण्यापूर्वी ‘प्रतिजैविक किती वाजता गेले?’ असे मोठ्याने विचारावे. उत्तर आल्यावर ती वेळ भुलीच्या कागदावर छेदाच्या वेळेशेजारी लिहावी. बाळाचा जीव धोक्यात असल्यामुळे छेद थांबवणे शक्यच नसेल, तर औषध छेदानंतर लगेच द्यावे. पण ते टेबलावरच द्यावे, वॉर्डात नव्हे.

अनेक सहकारी मला सांगतात की आमच्याकडची परिस्थिती वेगळी आहे, जंतू जास्त आहेत, म्हणून औषध लांबवावे लागते. ही काळजी खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय तो नाही. १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ झेमेलवाइस या डॉक्टरांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले आणि सूतिकाज्वराने, म्हणजे प्रसूतीनंतरच्या संसर्गाच्या तापाने, होणारे मृत्यू झपाट्याने खाली आले, तेव्हा प्रतिजैविके अस्तित्वातच नव्हती. उपकरणांचे निर्जंतुकीकरण नीट नसेल, केस वस्तऱ्याने काढल्यामुळे त्वचेवर बारीक जखमा होत असतील, त्वचेला अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडीन लावून ते वाळू दिले जात नसेल, मधुमेही स्त्रीची साखर वाढलेली असेल किंवा वार आपोआप सुटण्याआधीच हात घालून काढली जात असेल, तर सातव्या दिवसापर्यंतच्या गोळ्या यांतले काहीही भरून काढत नाहीत. कळा सुरू झालेल्या किंवा पाणमोट फुटलेल्या स्त्रीचा योनिमार्ग शस्त्रक्रियेपूर्वी पोव्हिडोन आयोडीनने पुसल्याने गर्भाशयाचा संसर्ग कमी होतो. हे काम मिनिटभराचे आहे आणि तरीही अनेक ठिकाणी होत नाही, याची मला खंत वाटते. लांबवलेल्या औषधाची किंमत मात्र आई मोजते. तिला जुलाब होतात, क्वचित क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा आतड्याचा गंभीर दाह होतो, कधी पुरळ येते, आणि तिच्या शरीरात औषधाला दाद न देणारे जंतू निवडले जाऊन वाढतात. पुढे खरोखर संसर्ग झाला, तर तो याच जंतूंचा असू शकतो.

योनिमार्गे होणाऱ्या प्रसूतीत नेहमीच्या एपिझिओटॉमीसाठी (योनिमुख मोठे करण्यासाठी घेतलेल्या छेदासाठी) किंवा साध्या फाटण्यासाठी प्रतिजैविक लागत नाही. मलद्वाराच्या स्नायूपर्यंत किंवा गुदाशयापर्यंत गेलेली फाट आणि हात घालून काढावी लागलेली वार या दोन प्रसंगी एक मात्रा द्यावी. फोर्सेप्स किंवा व्हॅक्यूमने केलेल्या प्रसूतीबद्दल पूर्वी मतभेद होते. २०१९ मध्ये ब्रिटनमधील ॲनोड चाचणीत अशा प्रसूतीनंतर सहा तासांच्या आत शिरेतून दिलेल्या ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाच्या एका मात्रेमुळे संसर्गाचे प्रमाण १९ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आले, आणि माझ्या मते तो प्रश्न तिथे मिटला. याहून मोठी चर्चा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ए-प्लस चाचणीने सुरू केली. सात देशांतल्या २९,००० हून अधिक स्त्रियांना कळांदरम्यान तोंडावाटे २ ग्रॅम अझिथ्रोमायसिन किंवा त्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. मातेचा सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची जीवघेणी स्थिती) किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले, पण नवजात बाळांच्या सेप्सिसमध्ये किंवा मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. जिथे बाळंतिणींमध्ये सेप्सिसचे प्रमाण जास्त आहे, तिथे हा फायदा मोलाचा आहे. तरीही प्रत्येक प्रसूतीत एक प्रतिजैविक द्यायचे ठरवले, तर त्या औषधाला प्रतिकार किती वाढतो यावर सतत नजर ठेवण्याची तयारी आधी हवी.

स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियांबद्दल थोडक्यात. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया पोटातून, योनिमार्गातून किंवा दुर्बिणीतून कशीही केली तरी योनिमार्ग उघडला जातो, म्हणून सेफाझोलिनची एक मात्रा द्यावीच. शस्त्रक्रियेने गर्भपात करताना आधी डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम दिल्यास संसर्ग कमी होतो. निदानासाठी केलेली लॅपरोस्कोपी, हिस्टेरोस्कोपी आणि तांबी बसवणे यांना नेहमीच्या परिस्थितीत प्रतिजैविक लागत नाही.

आता ज्या जागी मला सर्वाधिक काळजी वाटते तिथे येते. गर्भ ३४ आठवड्यांहून लहान आहे आणि पाणमोट फुटली आहे, पण कळा नाहीत, अशा स्त्रीला प्रतिजैविक दिल्याने प्रसूती लांबते, गर्भाशयाचा संसर्ग कमी होतो आणि बाळालाही फायदा होतो. प्रचलित पद्धतींपैकी एकीत ॲम्पिसिलिन आणि एरिथ्रोमायसिन ४८ तास शिरेतून देऊन पुढे पाच दिवस ॲमॉक्सिसिलिन आणि एरिथ्रोमायसिन तोंडावाटे देतात. दुसरीत दहा दिवस फक्त एरिथ्रोमायसिन. एरिथ्रोमायसिनऐवजी अझिथ्रोमायसिनही वापरले जाते. इथे ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल मात्र टाळावे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ओरॅकल चाचणीत ते दिलेल्या मातांच्या बाळांमध्ये आतड्याचा नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस हा घातक आजार जास्त आढळला होता. फोर्सेप्सच्या प्रसूतीनंतर जे औषध योग्य ठरले, तेच अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी पोटात असताना धोक्याचे ठरले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच ओरॅकल अभ्यासाचा दुसरा भाग त्याहून महत्त्वाचा आहे. त्यात पाणमोट शाबूत असताना मुदतीपूर्वी कळा आलेल्या स्त्रियांना प्रतिजैविके दिली गेली. प्रसूती लांबली नाही, बाळालाही तत्काळ फायदा झाला नाही. मग ती मुले सात वर्षांची झाल्यावर त्यांचा पुन्हा आढावा घेतला गेला. २००८ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत प्रतिजैविके मिळालेल्या मातांच्या मुलांमध्ये सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत येणाऱ्या अपंगत्वाचे, प्रमाण जास्त होते. ‘दिले तर बिघडते काय?’ असे म्हणणाऱ्यांना मी हा अभ्यास वाचायला सांगते. मुदतीपूर्वी नुसत्या कळा आल्या आहेत, पाणमोट शाबूत आहे, ताप नाही, लघवीत संसर्ग नाही, अशा स्त्रीला कळा थांबवण्यासाठी प्रतिजैविक देऊ नये. फक्त ‘ब’ गटातील स्ट्रेप्टोकॉकस या जंतूपासून बाळाला वाचवण्याचा प्रश्न असेल, तर ते वेगळे. तिथे कळांदरम्यान पेनिसिलीन ५० लाख युनिट आणि नंतर दर चार तासांनी २५ ते ३० लाख युनिट, किंवा ॲम्पिसिलिन २ ग्रॅम आणि नंतर दर चार तासांनी १ ग्रॅम देतात, आणि प्रसूतीच्या निदान चार तास आधी पहिली मात्रा जाईल असे पाहतात.

उपचाराकडे वळताना सुरुवात लघवीपासून करते. गरोदरपणात कोणताही त्रास नसताना लघवीच्या कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) एकाच प्रकारचे जंतू दर मिलिलिटरला एक लाख किंवा त्याहून जास्त आढळले, तर उपचार करायचाच असतो. इतर निरोगी स्त्रियांमध्ये आपण तो करत नाही. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढत्या गर्भाशयाचा दाब पडतो, मूत्र साचते, आणि उपचार न केलेल्या अशा स्त्रियांपैकी सुमारे २० ते ३५ टक्के स्त्रियांना मूत्रपिंडाचा संसर्ग होतो. सेफालेक्सिन किंवा नायट्रोफ्युरॅन्टोइन पाच ते सात दिवस, किंवा फॉस्फोमायसिन ३ ग्रॅमची एकच मात्रा असे पर्याय आहेत. कल्चरच्या अहवालातली संवेदनशीलता पाहून त्यांतून निवड करावी आणि उपचारानंतर कल्चर पुन्हा करावे. नायट्रोफ्युरॅन्टोइन प्रसूतीची तारीख जवळ आल्यावर आणि जी-सिक्स-पीडी या लाल रक्तपेशी जपणाऱ्या विकराची कमतरता असलेल्या स्त्रीला देऊ नये. ते आणि फॉस्फोमायसिन मूत्राशयापुरतेच उपयोगी आहेत. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या अशी लक्षणे असतील, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असतो, आणि तिथल्या ऊतींत या दोन औषधांची पुरेशी मात्रा पोहोचत नाही. अशा स्त्रीला दाखल करून सेफ्ट्रिॲक्सोनसारखे औषध शिरेतून सुरू करावे, आणि ताप उतरल्यावर तोंडावाटे औषध देऊन एकूण १४ दिवस पूर्ण करावेत.

कळांदरम्यान ताप आला आणि गर्भजलाच्या पिशवीचा संसर्ग असल्याची शंका आली, तर प्रसूती होईपर्यंत थांबू नये. ॲम्पिसिलिन २ ग्रॅम दर सहा तासांनी आणि जेन्टामायसिन तेव्हाच सुरू करावे, कारण नाळेतून बाळापर्यंत औषध पोहोचायला हवे. केवळ या कारणासाठी सिझेरियन करू नये. योनिमार्गे प्रसूती झाली आणि ताप उतरला, तर पुढे औषध बहुधा लागत नाही. सिझेरियन झाले तर आणखी एक मात्रा द्यावी, आणि ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जंतूंसाठी क्लिंडामायसिन किंवा मेट्रोनिडॅझोल जोडावे.

सिझेरियननंतर तिसऱ्या दिवशी ताप आला की इंजेक्शन ‘वरचे’, म्हणजे अधिक जोरदार, करण्याची घाई होते. त्याआधी तिला पूर्ण तपासावे. ओटीपोटावर हात ठेवून गर्भाशय दाबल्यावर दुखते का, स्रावाला दुर्गंधी आहे का, टाक्यांची एक कड लाल, गरम, टणक झाली आहे का, स्तन दगडासारखे घट्ट झाले आहेत का, पोटरी दुखते का, फुप्फुसाच्या खालच्या भागात आवाज बदलला आहे का, सलाईनची सुई लावलेली शीर सुजली आहे का, हे सगळे पाहायला पाच मिनिटे लागतात. स्तनांत दूध साचल्यामुळे आलेल्या तापाला प्रतिजैविक लागत नाही, दूध काढावे लागते. जखमेत पू असेल तर टाके उघडावे लागतात. गर्भाशयाचा संसर्ग असेल तर क्लिंडामायसिन ९०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी आणि जेन्टामायसिन दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, मूत्रपिंडाचे काम पाहून द्यावे. ताप उतरून २४ ते ४८ तास उलटले आणि रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू नसले, की औषध थांबवावे. पुढे गोळ्यांचे शेपूट जोडायची गरज नसते. ४८ ते ७२ तासांत ताप उतरला नाही, तर पोटात पू साचला आहे का किंवा ओटीपोटातील शिरेत संसर्गासह गुठळी झाली आहे का, हे सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनने शोधावे. औषधामागून औषध बदलत बसल्याने पू निघत नाही.

एका आजाराबाबत मात्र तासभरसुद्धा थांबता येत नाही. प्रसूतीनंतर पहिल्या दोन दिवसांत पोटात असह्य दुखणे, नाडी खूप जलद, रक्तदाब खाली, श्वास वेगाने, आणि तपासल्यावर मात्र फारसे काही हाताला न लागणे, असे चित्र दिसले, तर ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकॉकसचा सेप्सिस असू शकतो. यात बहुधा स्रावाला दुर्गंधी नसते आणि सुरुवातीला गर्भाशय दाबल्यावर फारसे दुखतही नाही, म्हणून तो नजरेतून सुटतो. रक्ताचे कल्चर घ्यावे, पण त्यासाठी औषध थांबवू नये. पहिल्या तासात व्यापक प्रतिजैविक सुरू करावे आणि जंतू ठरल्यावर पेनिसिलीनबरोबर क्लिंडामायसिन ठेवावे. क्लिंडामायसिन जंतूंची प्रथिननिर्मिती थांबवते, त्यामुळे त्यांचे विषही बनायचे थांबते. पेनिसिलीन एकटे हे करू शकत नाही.

ओटीपोटाच्या सुजेत, म्हणजे गर्भनलिका आणि आसपासच्या भागाच्या संसर्गात, लवकर आणि पूर्ण उपचार हाच पुढचे वंध्यत्व आणि नळीतला गर्भ टाळण्याचा मार्ग आहे. दाखल न करता उपचार करण्याजोगी स्थिती असेल, तर सेफ्ट्रिॲक्सोन ५०० मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन, डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम आणि मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा १४ दिवस देतात, आणि जोडीदाराचाही उपचार करतात. अंगावरून पांढरे जाते म्हटले की मात्र हेच सगळे एकत्र देण्याची सवय सोडायला हवी. दह्यासारखा, खाज सुटणारा स्राव बुरशीचा असतो आणि प्रतिजैविकाने तो वाढतो.

गरोदरपणात टेट्रासायक्लिन गटातील औषधे बाळाच्या दातांवर आणि हाडांवर परिणाम करतात, म्हणून टाळतात. क्विनोलोन शक्यतो देत नाहीत, ट्रायमेथोप्रिम पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक आम्लाच्या कामात अडथळा आणते. पेनिसिलीन आणि सेफॅलोस्पोरिन यांचा अनुभव सर्वांत मोठा आणि सर्वांत आश्वासक आहे. म्हणूनच ‘मला पेनिसिलीनची ॲलर्जी आहे’ हे वाक्य तसेच्या तसे केसपेपरवर उतरवू नये. असे सांगणाऱ्यांपैकी दहांतल्या नऊ जणींना तपासणीनंतर ती नसल्याचे आढळते. नेमके काय झाले होते, किती वेळाने, चेहरा सुजला का, श्वास अडला का, की फक्त मळमळ झाली होती, हे गरोदरपणातच विचारून ठेवावे. सौम्य पुरळ आले असेल तर सेफाझोलिन बहुधा देता येते. श्वास अडण्याइतकी गंभीर प्रतिक्रिया असेल तर सिझेरियनसाठी क्लिंडामायसिन आणि जेन्टामायसिन वापरतात. गरोदर स्त्रीला सिफिलिस असेल, तर बाळापर्यंत खात्रीने पोहोचणारा उपचार पेनिसिलीनचाच आहे, त्यामुळे ॲलर्जी खरी असली तरी रुग्णालयात देखरेखीखाली हळूहळू मात्रा वाढवून तेच द्यावे लागते.

आपल्या रुग्णालयातली दिवसेंदिवस औषध देण्याची पद्धत बदलायची असेल, तर वाद घालण्यापेक्षा नोंदवही उघडा. ठरवून केलेल्या, धोका कमी असलेल्या सिझेरियनपासून सुरुवात करा. प्रत्येकीची औषधाची वेळ, छेदाची वेळ, रक्तस्राव आणि ३० दिवसांपर्यंत जखम कशी आहे हे लिहा. टाके पाहायला येईल तेव्हा पाहा, आली नाही तर फोन करून विचारा. वरिष्ठांसमोर काही महिन्यांच्या त्या नोंदी ठेवा. संसर्ग वाढलेला दिसला, तर आधी ऑटोक्लेव्ह (उपकरणे निर्जंतुक करणारे यंत्र), हातांची स्वच्छता आणि औषधाची वेळ तपासा.